रेराचा फ्लॅट की वडगावातलं जुनं घर?

बेळगावात टिळकवाडीकडे नवा फ्लॅट घ्यायचा, की वडगाव-शहापूरच्या गल्लीतलं जुनं घर? किंमत सोडा, आधी कायदा बघा.

नव्या प्रकल्पाला २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा लागतो. एजंटालाही नोंदणी लागते. विनानोंदणी धंदा केला तर रोज १०,००० रुपये दंड, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त पैसे मागता येत नाहीत. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या गळ्यात. मात्र प्रकल्प ५०० चौरस मीटरच्या आत किंवा आठ फ्लॅटपर्यंतचा असेल, तर त्याला रेरा नोंदणी लागत नाही. आपल्याकडे असल्या इमारती गल्लोगल्ली.

जुन्या घराच्या पुनर्विक्रीत रेरा जवळपास नाहीच. चहाच्या टपरीवरचा एजंट दोन्हीकडून कमिशन घेतो, त्याला विचारणारं कोण? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, सहज न दिसणारा दोष मालकाने उघड करावा. पण ‘भावाची सही राहिलीय’ हे आपणहून कोण सांगतो? तेव्हा ईसी (मालमत्तेवरच्या बोजाचा दाखला) काढा, ई-खाता (पालिकेकडची मालमत्तेची डिजिटल नोंद) तपासा. ईसीत नोंदलेले व्यवहारच दिसतात. बहिणीचा वारसाहक्क त्यात दिसेलच असं नाही. कागद कानडीत असतात, ते एजंटाकडून नव्हे, स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या.

मी स्वतः जुनंच घर घेईन, भिंती जाड असतात. पण वारसांच्या सगळ्या सह्या झाल्याशिवाय इसार देणार नाही.