सर्व्हे की सर्च: आयकरवाला कुठवर आत येतो?
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर आयकराची माणसं आली की शेजारपाजारचे सरसकट 'धाड पडली' म्हणून मोकळे होतात. पण आलेत ते सर्व्हेला की सर्चला, यावर सगळं अवलंबून.

सर्व्हे पेढीपुरता, तोही कामकाजाच्या वेळेत. वह्या तपासतील, गल्ला मोजतील, पोत्यांची शिल्लक पावत्यांशी ताडून बघतील. रोकड किंवा माल मात्र उचलता येत नाही. वह्या कारण नोंदवून नेता येतात. सुट्ट्या सोडून १५ दिवसांपुढे ठेवायच्या तर वरिष्ठांची मंजुरी लागते.

सर्चचं वॉरंट थेट घरात शिरतं. किल्ली दिली नाही तर कुलूप तोडता येतं. पंच हवेत, बाईची झडती बाईनेच घ्यायची, आणि १९९४ च्या सूचनेनुसार विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करायचे नाहीत. एवढा आडोसा आहे खरा. पण हे वॉरंट मॅजिस्ट्रेट देत नाही, खात्यातलेच वरिष्ठ देतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर त्यामागची कारणं मालकालाच काय, अपिलीय न्यायाधिकरणालाही सांगावी लागत नाहीत. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, ही गंमतच!

२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात तर सर्चवाल्यांना ईमेल, क्लाउडचे पासवर्ड ओलांडायचीही मुभा आहे. सर्व्हे व्यापाऱ्याने निमूट सोसावा, त्यात गैर काही नाही. सर्चला मात्र न्यायाधीशाची सही हवी. मोबाइलमध्ये सौद्यांच्या हिशेबाशेजारी मुलीच्या आजारपणाचे रिपोर्टही असतात.