पाचवी: गावातली शाळा की हायस्कूल?

चौथी झाली की खेड्यातल्या घरांत हा प्रश्न येतोच. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत असेल तर मूल तिथेच राहू शकतं, ओळखीच्या बाईंपाशी. हायस्कूलमध्ये तासागणिक शिक्षक बदलतात आणि मुलं गोंधळतात ती इथेच: गणिताच्या तासाला दप्तरातून इतिहासाची वही निघते. म्हणून वेळापत्रक भिंतीवर चिकटवा आणि दप्तर रात्रीच भरायला लावा, स्वतः भरून देऊ नका. पाचवीची वार्षिक परीक्षा दोन्हीकडे आहेच; नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर पुन्हा पाचवी. एसटीने तासभर जावं लागत असेल तर मी गावातलीच शाळा म्हणेन. हायस्कूल पायी अंतरावर असेल, तर मात्र पाचवीलाच घाला. आठवीला एकदम बदल जड जातो.