सागवानी ताटाचे जोड: मरीन फेव्हिकॉल की इपॉक्सी?

३०० मिमी व्यासाचं ताट कातायचं तर ८० मिमी रुंद, ३० मिमी जाड अशा ४ पट्ट्या जोडाव्या लागतात. लाकडाच्या रेषा सगळ्यांच्या एकाच दिशेने. प्रश्न उरतो गोंदाचा.

मरीन फेव्हिकॉलला, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या फेव्हिकॉलला, जोड घट्ट हवा. दोन कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा; फट दिसली तर पुन्हा रंधा मारा, कारण हा गोंद फट भरत नाही. क्लॅम्प आवळल्यावर जोडभर बारीक थेंब यायला हवेत. मग २४ तास लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) चढवू नका. आत गोंदाची ओल राहिली की जोडाजवळचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच कातलं तर सुकल्यावर तिथे खोलगट रेघ उमटते.

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा गोंद, बारीक फट भरते, पण तिला फार आवळू नका, सगळी बाहेर येते आणि जोड उपाशी राहतो. दोन भागांचं प्रमाण चुकलं तर ती चिकटच राहते, मग वाट बघून उपयोग नाही. महागही पडते.

सागाचं तेल मात्र दोन्हींचं वैरी. ताजा रंधा मारा, कडा अ‍ॅसिटोनने पुसा, ते उडताच लगेच गोंद लावा. सुटलेले जोड बहुतेक इथेच चुकलेले असतात.

रंधा नीट बसत असेल तर आमची पसंती फेव्हिकॉलला. काहीही वापरा, सुरुवात मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास करा आणि फिरत्या ताटाच्या रेषेत उभं राहू नका. पॉलिश पेपर एकाच जागी दाबू नका. तापलं की दोन्ही गोंद मऊ पडतात.