गॉस्पेल पियानो: आधी इन्व्हर्जन की आधी व्हॉइसिंग?

पियानोवर सी, एफ, जी या कॉर्ड (एकत्र दाबायचे सुरांचे गट) हाताला बसल्यात, पण गॉस्पेलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांचा, भरगच्च नाद काही निघत नाही. मग पुढे काय शिकायचं? इन्व्हर्जनमध्ये कॉर्डचे सूर तेच राहतात, सर्वांत खाली कोणता ठेवायचा ते बदलतं. व्हॉइसिंगमध्ये ते सूर दोन हातांत कसे वाटायचे, कुठला गाळायचा, वर कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजलेला नववा किंवा तेरावा सूर कुठे चढवायचा हे ठरतं. तसं पाहिलं तर इन्व्हर्जन हे व्हॉइसिंगचंच एक अंग, पण रियाज दोघांचा वेगळा.

गाणाऱ्यांना साथ करायची असेल, तर माझं मत सरळ इन्व्हर्जनला. सी-ई-जी वरून अख्खा हात उचलून एफ-ए-सी वर टाकला की चाल तुटते. सी दाबलेलाच ठेवा, ई आणि जी शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर सरकवा: सी-एफ-ए. झाली एफ कॉर्ड. खरी मजा मात्र बासमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या सुरात. उजव्या हातात सी मेजर (सी-ई-जी) धरून डाव्या हाताने आधी सी, मग ई वाजवा. पुढे एफ कॉर्ड, मग एफ शार्प डिमिनिश्ड (एफ शार्प-ए-सी), आणि शेवटी जीच्या बासवर पुन्हा सी मेजर. एफ कॉर्डमधले ए आणि सी डिमिनिश्डमध्येही आहेतच, त्यामुळे बास अर्धा सूर चढला तरी वरची वीण उसवत नाही. ही एक चढण पक्की झाली तरी वाजवण्यात चर्चचा रंग उतरतो.

व्हॉइसिंगने श्रीमंती जास्त येते, हे खरंच. १९३० च्या दशकात शिकागोत गॉस्पेल संगीतकार थॉमस डॉर्सी यांनी ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चबाहेरच्या गाण्यांचा, रंग चर्चच्या गाण्यांत आणला. तो वाजवायचा तर साध्या तीन सुरांवर भागत नाही. डाव्या हातात नुसता डी आणि उजव्यात एफ-ए-सी-ई धरलं की डी मायनर नाइन्थ (नववा सूर घातलेली डी मायनर) तयार. डाव्यात सी-जी, उजव्यात ई-जी-बी-डी: सी मेजर नाइन्थ. फसगत होते ती खालच्या सप्तकात. तिथे जवळजवळचे सूर दाबले की नुसता गाळ. खाली मूळ सूर आणि पाचवा किंवा सातवा, एवढंच पुरे. सोबत बास गिटार असेल तर मूळ सूरही सोडून द्या. पियानो एकटाच असेल तर मात्र तो सोडू नका, गाणाऱ्यांच्या पायाखालची जमीन जाते.

आणखी एक. गॉस्पेलमध्ये डी फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांची काळी एक, फार चालते. ट्रान्सपोझचं (सगळे सूर आपोआप वर-खाली सरकवणारं) बटण दाबून सीमध्येच वाजवणारे पुष्कळ आहेत, पण साध्या पियानोला ते बटण नसतं. म्हणून सीमधली ती बासची चढण जमली की लगेच डी फ्लॅटमध्ये बसवा, नाइन्थच्या नादी नंतर लागा.