एसएमई आयपीओवाली सल्लागार फर्म: 5 पैकी 2 स्टार, तेही सीए पोरामुळे

जळगाव एमआयडीसीत आमचा चटईचा कारखाना आहे, पार्टनरशिप, मी आन चुलतभाऊ. नवीन लूम घ्यायचे होते, बँक कर्ज वाढवायला भावाच्या घरावर पण बोजा मागत होती, तेवढ्यात एका फर्मचा (नाव घेत नाही) हॉटेलात एसएमई आयपीओवर, म्हणजे छोट्या कंपनीने पब्लिकला शेअर विकून पैसा उभा करायचा यावर, सेमिनार झाला. व्याज नाही, तारण नाही, सहा महिन्यात शेअर बाजारात लिस्टिंग! जेवण मस्त होतं. फसलो.

अडीच लाख ॲडव्हान्स घेतला आन मग एकेक भानगड बाहेर यायला लागली. आधी पार्टनरशिपची कंपनी करा, मग एक पूर्ण आर्थिक वर्ष जाऊ द्या, तेव्हा कुठे इश्यूच्या (शेअर विक्रीच्या) माहितीपत्रकाचा ड्राफ्ट टाकता येतो. वरून सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2025 मधे नियम कडक केले, मागच्या 3 पैकी 2 वर्षं ऑपरेटिंग नफा किमान 1 कोटी पाहिजे, आमचा एकाच वर्षी तेवढा. अरे मग हे बॅलन्सशीट बघून पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं का? इश्यूचं सगळं काम बघणारा मर्चंट बँकर, अंडररायटिंग (शेअर खपले नाही तर घ्यायची हमी), 3 वर्षं मार्केट मेकर (शेअरची खरेदी-विक्री चालू ठेवणारा), या सगळ्याचा खर्च विचारला की एकच उत्तर, "तो इश्यूतूनच निघतो ना शेठ."

स्टार दिले ते त्यांच्या सीए पोराला. भर मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात दोन दिवस गोण्या मोजत बसला. "काका, वहीत प्लास्टिक दाणा 18 टन आहे, इथे 11च भरतोय." भाऊ म्हणे मोजायला चुकला असंल. नाही चुकला. बाकीचा माल जॉबवर्कवाल्याकडे (बाहेर काम करून देणाऱ्याकडे) पडून होता, कुठेच नोंद नाही. आता मालाचं चलन फाडल्याशिवाय गोणी हलत नाही.

ॲडव्हान्स परत मागितला तर म्हणे कन्सल्टिंग तर झालं ना. ज्यांची आधीपासून कंपनी आहे आन नफा नियमात बसतो त्यांनी बीएसई एसएमई, एनएसई इमर्ज या छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारांचा विचार जरूर करावा, पण आधी आपल्या सीएला विचारा, सेमिनारवाल्याला नाही.

मामेभाऊ तर गावात सांगत फिरत होता, आमचे पाच-पाच हजाराचे शेअर घ्या म्हणून. एसएमई इश्यूत आता अर्जच 2 लाखाच्या वरचा लागतो. केळीला भाव नाही, कोण देतो भो!