तळावरच्या मुलांचे डोळे आणि दात : शाळेत येणाऱ्या फिरत्या तपासणी सेवेचा एका हंगामातील अनुभव

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील ज्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते, तिथून साखर कारखान्याच्या ऊसतोड मजुरांचा तळ चालत दहा मिनिटांवर आहे. दिवाळी आटोपली की बीड, जालना, परभणी आणि आपल्याच जिल्ह्यातील जत भागातून टोळ्या येतात, तळावर बांबू, चटया आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या उभ्या राहतात आणि आमच्या पटावर हंगामापुरती वीस-पंचवीस मुले वाढतात. मागच्या हंगामात एका धर्मादाय संस्थेची डोळे व दात तपासणारी फिरती गाडी या मुलांसाठी आमच्या शाळेत दोनदा आली, एकदा डिसेंबरच्या सुरुवातीला आणि एकदा जानेवारीच्या अखेरीस. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. पुढे तिच्याविषयी काही तक्रारीही आहेत, म्हणून संस्थेचे नाव देत नाही. अशी सेवा आपल्या शाळेत बोलावताना शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने काय पाहावे, हे सांगण्यासाठी नावाची गरजही नाही.

सरकारी सोय नाही, असे मुळीच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याचा प्रारंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० प्रकारच्या आजार, कमतरता व व्यंगांसाठी तपासणी त्यात होते. दृष्टिदोष आणि दातांचे विकार या दोन्हींचा त्या यादीत समावेश आहे, आणि डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा यावे, अशी त्याची रचना आहे. अडचण आहे ती मुलांच्या ठिकाणाची. पथक डिसेंबरात त्यांच्या गावच्या शाळेत जाते, तेव्हा मूल आमच्याकडे असते. आमच्या शाळेत ते पावसाळ्यात येऊन गेलेले असते, तेव्हा मूल गावाकडे असते. अशा रीतीने दोन्ही शाळांच्या पटावर नाव असूनही एखादे मूल वर्षानुवर्षे एकदाही तपासले जात नाही. शिक्षण हक्क कायद्यामुळे कागदपत्रे नसली तरी या मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या वर्गात बसल्यावर फळा दिसतो का आणि दाढेच्या ठणक्याने रात्री झोप लागते का, याची विचारपूस कोणी करायची, हा प्रश्न उरतोच.

डोळ्यांची तपासणी व्हरांड्यात झाली. आमच्या वर्गखोल्यांत सहा मीटरचे अंतर मिळत नाही, म्हणून ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्या) बाईंनी दोरीने माप घेऊन खडूने रेघ मारली आणि समोरच्या भिंतीवर इंग्रजी ‘ई’ अक्षराचा तक्ता लावला. या तक्त्यात एकच अक्षर चारही दिशांना वळवून छापलेले असते आणि मुलाने फक्त बोटांनी दिशा दाखवायची असते. ज्याची शाळा दर पाच-सहा महिन्यांनी तुटते, अशा अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी हाच तक्ता योग्य, हे त्यांना आधीच ठाऊक होते आणि त्यासाठी मला काही सांगावे लागले नाही. एकेक डोळा झाकून पाहणे, कमी दिसल्यास बारीक छिद्राच्या चकतीतून पुन्हा वाचून घेणे आणि त्यातून दृष्टी सुधारली तर ‘हा नंबरचा दोष असावा’ असे समजून पुढच्या टेबलाकडे पाठवणे, हे सारे शांतपणे आणि मुलांना न रागावता चालले होते.

तिसरीतली एक मुलगी फळ्यावरचे कधीच उतरवत नसे; शेजारणीच्या वहीवर वाकून तिच्याच चुका आपल्या वहीत आणत असे. दोन महिने मी तिला लक्ष देत नाही म्हणून बोलत होते. तिला रेघेवर उभे केले, तेव्हा सर्वांत वरचे मोठे अक्षरही तिला दिसले नाही. त्या दिवशी मला जे वाटले, ते इथे लिहून कमी होणार नाही. तरी प्रत्येक शिक्षकाने हंगामी मुले पटावर आल्याच्या पहिल्या आठवड्यात एवढी साधी तपासणी स्वतः करावी, असे मनापासून सांगावेसे वाटते. त्याला तक्ता आणि दोरी एवढेच लागते.

दुसरीतल्या एका मुलाचे प्रकरण याहून अवघड निघाले. त्याचा उजवा डोळा चांगला आणि डावा फार कमजोर होता. एक डोळा चांगला असल्यामुळे मूल धडपडत नाही, तक्रार करत नाही आणि घरच्यांना काही कळतच नाही; इकडे मेंदू कमजोर डोळ्याकडून आलेले चित्र हळूहळू विचारात घेणेच सोडून देतो. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाला तर गुण येण्याची शक्यता अधिक असते, पुढे ती कमी होत जाते. उपचार म्हणजे आधी योग्य नंबरचा चष्मा आणि मग चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी. पट्टी लावून कोपीत, चुलीजवळ किंवा बैलांच्या दावणीजवळ वावरणे धोक्याचे, म्हणून बाईंनी ती रोज दोन तास, शाळेत आणि माझ्या देखरेखीखाली लावायची असे ठरवून दिले. मुलाच्या राहणीचा असा विचार करून दिलेला सल्ला मी क्वचितच ऐकला आहे आणि या सेवेचे सर्वांत मोठे गुण मी याच गोष्टीसाठी देईन.

आता तक्रार. मुलांचे डोळे जवळचे पाहताना आपोआप ताण घेतात, त्यामुळे खरा नंबर काढण्यासाठी काही मुलांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच आहे. मात्र पहिल्या भेटीत हे थेंब शाळेच्या सहीवर घातले गेले आणि पालकांना त्याची कल्पना नव्हती. थेंबांनंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, जवळचे धूसर दिसते आणि उन्हात डोळे दिपतात. आईवडील दोघेही पहाटे फडावर गेलेले, आणि शाळा सुटल्यावर एक वर्षाच्या बहिणीला सांभाळायची जबाबदारी थेंब घातलेल्या एका मुलावर. संध्याकाळी त्याचे वडील शाळेच्या दारात येऊन, “बाई, पोराच्या डोळ्यात काय घातलं? त्याला ताटातलं दिसंना झालंय,” असे विचारू लागले तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हते. या चुकीत शाळेचाही वाटा होता, हे मान्य करायला हवे. सही आम्हीच केली होती. संस्थेने ती चूक ऐकून घेतली. दुसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी, टोळ्या फडावरून परतल्यावर, दोघेजण माझ्याबरोबर तळावर आले, मुकादमांशी (टोळीला कामावर आणणाऱ्या म्होरक्यांशी) बोलले, शेकोटीपाशी बसून संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवले आणि मगच सह्या व अंगठे घेतले. त्या रात्री आम्हाला दोन तास लागले, पण दुसऱ्या दिवशी एकाही मुलाचे आईवडील घाबरले नाहीत.

चष्म्यांची व्यवस्था निम्मी उत्तम आणि निम्मी अपुरी होती. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा व साधा असेल, तर गाडीत ठेवलेल्या तयार काचा फ्रेममध्ये बसवून चष्मा त्याच दिवशी हातात मिळाला. तिसरीतल्या मुलीला असा चष्मा दुपारच्या जेवणाआधीच मिळाला. ज्यांचा नंबर दोन डोळ्यांत वेगळा होता किंवा ज्यांना तिरप्या नंबरच्या काचा हव्या होत्या, त्यांचे चष्मे बाहेरून करून आणावे लागले आणि त्याला तीन आठवडे गेले. आमच्या गावातल्या मुलांना तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. तळावरच्या मुलांना मात्र ते फार होतात, कारण एका भागातला ऊस संपला की टोळी दुसऱ्या गटाकडे हलते. आळशी डोळ्याच्या मुलाची टोळी सुदैवाने हलली नव्हती. एक चष्मा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाबरोबर पाठवला आणि तो पोहोचलाही. दोन चष्मे मात्र अजून शाळेच्या कपाटात आहेत.

दातांच्या बाबतीत मी साशंक होते. शाळेतली दंततपासणी म्हणजे तोंडात आरसा, कागदावर आकडे आणि शेवटी एकेक ब्रश, असाच आजवरचा अनुभव होता. इथे प्रत्यक्ष उपचार झाले. किडीचा भाग यंत्राने न कोरता हाताच्या अवजारांनी खरवडून काढायचा आणि ग्लास आयनोमर नावाचे सिमेंट भरायचे, ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात वीज नसलेल्या ठिकाणांसाठी विकसित झाली. तीच आमच्या चौथीच्या वर्गात, दोन बाके जोडून केलेल्या खाटेवर वापरली गेली. सुई नाही, यंत्राचा आवाज नाही, त्यामुळे पहिल्या दोन मुलांनंतर बाकीची आपणहून रांगेत आली. लहान मुलांच्या किडक्या दुधाच्या दाढांवर सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइडचा थेंब लावून कीड थोपवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे द्रव्य आणि ग्लास आयनोमर ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत, म्हणजे हे काही गरिबांसाठी काढलेले दुय्यम उपचार नव्हेत. या थेंबाने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे डॉक्टरांनी आधीच्या संध्याकाळी आयांना चित्र दाखवून सांगितले. पुढच्या दातांना तो लावू नका, असे दोघीतिघींनी सांगितले आणि ते ऐकले गेले.

मला स्वतःला नव्याने कळलेली गोष्ट सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेची. ती दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे येते, काही पडून तिच्या जागी येत नाही, त्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडंल आपोआप’ म्हणून किडू देतात. ती कायमची असते. तळावरच्या पाचवी-सहावीच्या कितीतरी मुलांची हीच दाढ खचलेली होती.

उपदेश मात्र आणखी विचारपूर्वक हवा होता. दिवसभर उसाचे कांडे चघळणाऱ्या आणि पहाटे गोड चहावर निघणाऱ्या मुलांना ‘गोड खाऊ नका’ एवढे सांगून भागत नाही. ज्या कोपीत प्यायचे पाणीही हंड्याने आणावे लागते, तिथे दोन वेळा ब्रश करा म्हणणे सोपे आहे. मिश्रीचा विषय तर पहिल्या भेटीत निघालाच नाही. आया मिश्री लावतात, मुली त्यांचे पाहून दहा-अकराव्या वर्षी ती तोंडात धरतात, आणि भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे, हे कोणीतरी त्यांना ठामपणे सांगायला हवे होते. दुसऱ्या भेटीत एका सहायक बाईंनी ते आयांशी स्वतंत्र बसून, त्यांना न दुखावता सांगितले. ब्रश कोपीत न नेता शाळेतच नावानिशी ठेवायचे आणि शालेय पोषण आहारानंतर नळावर सर्वांनी मिळून दात घासायचे, ही तोडही त्यांचीच. ती उरलेल्या हंगामभर टिकली आणि गावातली मुलेही त्यात सामील झाली.

ही सेवा सर्वांत कमी पडली ती पुढच्या उपचारांच्या बाबतीत. दाढेच्या मुळाशी पू झालेल्या मुलांना पहिल्या भेटीत मिरजेला उपचारांसाठी जाण्याची चिठ्ठी देण्यात आली. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आलेल्या जोडप्यातला एकजण दिवसभर गेला की कोयता, म्हणजे दोघांची कामाची जोडी, मोडतो. दोघांची त्या दिवसाची कमाई बुडते आणि वर गाडीभाडे लागते. म्हणून चिठ्ठ्या कोपीच्या कुडात खोचलेल्या राहिल्या आणि गाल सुजलेली मुले तशीच शाळेत आली. जानेवारीत संस्थेने एक दिवस गाडी दिली, मुकादमांना सांगून पाच मुलांबरोबर एकेका पालकाला सोडवून घेतले आणि त्या पाचही जणांचे उपचार झाले. म्हणजे हे करता येते. ते पहिल्याच भेटीच्या आखणीत असते, तर त्या मुलांचे दीड-पावणेदोन महिने दुखण्यात गेले नसते. केवळ चिठ्ठी देणाऱ्या सेवेला, मग तिने कितीही मुले तपासलेली असोत, तळावरच्या मुलांसाठी मी बोलावणार नाही.

प्रत्येक मुलाला लसीकरणाच्या कार्डासारखे एक जाड कार्ड मिळाले. त्यावर मराठीत चष्म्याचा नंबर, दातांचे चित्र, केलेले उपचार आणि राहिलेले उपचार लिहिलेले होते, आणि त्याचा फोटो पालकांच्या मोबाइलवरही टाकला गेला. स्थलांतर करणाऱ्या मुलांना नव्या शाळेत दाखवण्यासाठी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड दिले जाते. हे कार्ड आम्ही त्यालाच टाचून दिले. आळशी डोळ्याच्या मुलाच्या कार्डावर पट्टीचे तास आणि पुढच्या तपासणीचा महिना मी स्वतः लाल शाईने लिहिला, कारण मार्चमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, त्याची पट्टी त्याच्या गावच्या गुरुजींनाच लावावी लागणार होती. मी त्यांना फोन केला आणि त्यांनी ते मनावर घेतले आहे.

सेवेचे शुल्क काही नव्हते. शाळेला चार टेबले, विजेची एक जोडणी, भरपूर पाणी आणि दिवसभर सोबत राहणारा एक शिक्षक एवढे द्यावे लागले. गाडीला पटांगणात वळायला जागा लागते, हे मात्र आधी पाहून ठेवावे.

संस्थेने येत्या हंगामासाठी पुन्हा विचारणा केली आहे आणि आमच्या समितीने होकार दिला आहे. डिसेंबरऐवजी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यावे, आदल्या संध्याकाळी तळावर बसून संमती घ्यावी, मिरजेला जाणाऱ्या गाडीची तारीख पहिल्याच दिवशी ठरवावी आणि बाहेरून करून येणारे चष्मे दहा दिवसांत द्यावेत, असे आम्ही लेखी कळवले आहे. पहिल्या तिन्ही गोष्टी त्यांनी मान्य केल्या आहेत. चष्म्यांच्या मुदतीविषयी उत्तर यायचे आहे. कपाटातल्या दोन चष्म्यांच्या डब्यांवर मुलांची नावे आणि मुकादमांचे फोन नंबर चिकटवले आहेत. त्यांतला एक फोन लागत नाही. दुसऱ्याने दिवाळीनंतर टोळी याच कारखान्याला येणार असल्याचे सांगितले आहे.