पाण्याची ‘मोफत तपासणी’ करायला येणाऱ्यांना घरात घेऊ नका

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस भरदुपारी दाराशी येतो, “पाण्याची मोफत तपासणी चालू आहे” म्हणतो. पुण्यात माझ्या आईला ती घरी एकटी असताना असंच 14 हजारांना गंडवलं. तुमचे आईवडील एकटे राहत असतील तर त्यांना हे आजच सांगा.

त्याने दोन ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं, म्हणजे क्षार गाळून काढणाऱ्या यंत्रातलं. दोन्हींत सळया बुडवून वीज सोडली. थोड्याच वेळात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ झालं आणि वर फेस आला. बाटलीतलं मात्र नितळच राहिलं. “आजी, हेच विष तुम्ही नातवंडांना पाजताय.” आई इतकी घाबरली की तिने तिथल्या तिथे त्याच्या आरओ यंत्रासाठी चेक लिहून दिला. म्हाताऱ्या माणसाच्या मायेला असं वेठीला धरणं मला पैसे गेल्यापेक्षा जास्त लागलं.

ती घाण पाण्यातली नसतेच, सळईची असते. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते, सळईचं लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी, म्हणून तिथे काही घडत नाही. त्याच्या त्या ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही गढूळ होईल.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दाखवणाऱ्या मीटरच्या आकड्यालाही घाबरू नका. तो क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला कळत नाहीत. आयएस 10500 या भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस योग्य मानला आहे. आमच्या नळाचा त्याच्या निम्म्यानेही नाही. म्हणजे आरओची गरजच नव्हती. उलट पिण्याचं एक लिटर मिळवताना ते यंत्र त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं, आणि उन्हाळ्यात पाणीकपात असताना हे फार खटकतं.

पाण्याबद्दल खरंच शंका असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्या, जंतूंची तपासणीही मागा.

पावतीवरचा फोन आता लागत नाही. चेक असल्यामुळे निदान खात्याचं नाव हाती आहे, त्यावरून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे असं घडलं असेल तर पावती आणि यंत्राचं खोकं फेकू नका, तुम्हीही तक्रार करा.